बेहड्याचे फळ आणि बेहड्याचे लाकूड

हिरडा, बेहडा आणि आवळा ही त्रिफळेतील तीन फळे आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात व औषधनिर्मितीशाळेत नित्य हाताळली जातात. हरीतकीची थोरवी ग्रंथकारांनी मुक्तकंठाने गायिली. तिच्या विजया, रोहिणी, पूतना आदी सात जाती वर्णिल्या. आमलकीला रसायनद्रव्यांत मानाचे स्थान मिळाले. बिभीतकाच्या वाट्याला मात्र गुणांबरोबर काहीशी दुष्कीर्तीही आली. भावप्रकाशात त्याला कलिद्रुम आणि भूतवास अशी नावे आहेत. नळाच्या देहातून बाहेर पडलेला कली याच वृक्षाच्या आश्रयाला गेला, अशी नलोपाख्यानातील कथा आहे. प्राचीन काळी द्यूताचे फासे म्हणून याची फळे वापरीत; 'अक्ष' हे नाव त्याची साक्ष देते. ज्या झाडावर भूत वस्तीला आहे त्याला कुऱ्हाड लावण्यास माणूस सहसा धजत नाही. ही समजूत शास्त्राला धरून नसेल, परंतु सह्याद्रीतील कित्येक जुन्या बेहड्यांची राखण तिने केली असे मला वाटते. आता भुताचे भय ओसरले आहे आणि डोंगरावर ट्रक जाईल असे रस्ते झाले आहेत.

जंगलातील लाकूडतोड आणि वन्यजीवांचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वनखात्याचा, न्यायालयांचा आणि निसर्गप्रेमी संस्थांचा आहे असे आपण मानीत आलो. वैद्याने वा औषधी कारखानदाराने त्यात काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु सह्याद्रीपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे एक टोक आपल्या खरेदीच्या वहीत आहे. बेहडा उभा राहिला तर त्याचे फळ आपण घेतो. आडवा झाला तर त्याचे लाकूड दुसराच कोणी घेतो. झाडाच्या मालकाने यांपैकी काय पत्करावे, हे पुष्कळ अंशी आपण फळाला कोणता भाव देतो आणि ते कोणाकडून घेतो यावर ठरते. हे एकच सूत्र धरून पुढील विवेचन केले आहे.

ढोलीचे मोल

बेहडा हा महावृक्ष आहे. सरळ वाढलेले खोड, बुंध्याशी भिंतीसारखे फुटलेले पाखे आणि अनुकूल भूमीत तीस मीटर वा त्याहूनही वर गेलेला माथा, असे त्याचे रूप. लाकूड मात्र हलक्या प्रतीचे आहे. पिवळसर करड्या रंगाचे, कीड लवकर लागणारे, घरबांधणीत सागापुढे किंवा ऐनापुढे न टिकणारे. त्याच्या फळ्या पाडून खोकी करतात, आणि उरलेले भट्टीत जाते. अशा लाकडाला विशेष भाव येत नाही. येथेच या कथेतील विसंगती आहे: जो वृक्ष उभा असताना शंभर कामे करतो तोच आडवा झाल्यावर सर्वांत स्वस्त विकला जातो.

वयोवृद्ध बेहड्याची एखादी मोठी फांदी वादळात मोडते, त्या जखमेतून पाणी मुरते, बुरशी आतला गाभा पोखरते आणि काही दशकांनी खोडात ढोली तयार होते. लाकूडवाल्याच्या हिशेबी हा दोष आहे. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश या पक्ष्यांच्या हिशेबी मात्र हेच एक राहण्याजोगे घर आहे. धनेशाला सुतारपक्ष्याप्रमाणे खोड कोरता येत नाही. त्याला आयती ढोली लागते, आणि तीही त्याच्या आकारमानाला पुरेल अशी. महाधनेशाचे वजन तीन किलोग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या पक्ष्याला सामावून घेणारी पोकळी तरण्या झाडात मिळणे शक्यच नाही.

त्याची प्रसूतिचर्या वैद्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. हिवाळा सरताना मादी ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, माती व फळांचा चोथा यांनी दार आतून लिंपून घेते. चोचीपुरती एक उभी फट तेवढी ठेवते. पुढील तीन-चार महिने नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिलाला फळे भरवितो. सूतिकागाराचे इतके कडक पालन मानवी कुळांत तरी विरळाच. या काळात ते झाड तोडले गेले तर मादी व पिलू ढोलीतच संपतात, आणि नर मारला गेला तरीही परिणाम तोच. मादी आत असते ते महिने म्हणजे फाल्गुन ते वैशाख. डोंगरउतारावरील तोडीचा हंगामही हाच, कारण पावसापूर्वी माल खाली आणावयाचा असतो.

महाधनेशाची २०१८ पासून जागतिक स्तरावर धोक्याच्या छायेतील जातींत गणना होते. कोकणात काही ठिकाणी त्याला गरुडच म्हणतात. विषमुष्टी, म्हणजे कोकणातील काजरा, आपण शोधनाशिवाय हाती धरीत नाही. धनेश मात्र त्याच्या फळांचा गर निर्धास्तपणे खातो, आणि म्हणूनच ओडिया भाषेत त्याचे नाव 'कुचिलाखाई' असे पडले आहे. वड, उंबर, रानजायफळ यांची फळे गिळून त्यांच्या बिया तो कोसांवर नेऊन टाकतो, म्हणजे आपल्या द्रव्यांची लागवड तो विनामूल्य करतो. जाता जाता एक सांगितले पाहिजे. संधिवातावर 'धनेशाचे तेल' म्हणून रस्त्याच्या कडेला जे विकले जाते त्याविषयी रुग्ण आपल्याला विचारतात. त्यासाठी पक्षी मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि हे रुग्णाला वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगावे.

रान तोडीला देणे

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, सरकारी वनक्षेत्र अत्यल्प आहे. तेथील बहुतेक रान खाजगी मालकीचे. एकेका सातबारावर दहा-वीस नावे, आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईला. दहा-पंधरा वर्षांतून एकदा हे रान तोडीला द्यावयाचे ही तेथील रीत. ठेकेदार अख्ख्या उताराचा उक्ता सौदा करतो. त्यात कोणते झाड किती वर्षांचे, कशात ढोली आहे, कशाला फळ येते, याची मोजदाद नसते. चांगले सोट फळ्यांसाठी वेगळे निघतात, बाकीचे जळाऊ लाकूड घाटावरच्या भट्ट्यांना जाते. बुंध्यांना पुन्हा फुटवे येतात आणि सहा-सात वर्षांत डोंगर हिरवा दिसू लागतो, म्हणून मालकालाही आपण काही गमावले असे वाटत नाही. मात्र पुढच्या पाळीला ते फुटवे मांडीएवढे जाड होतात न होतात तोच पुन्हा कापले जातात. असे तीन पाळ्यांचे रान पाहिले तर त्यात ऐन, किंजळ, जांभूळ सगळे सापडेल, पण ज्याच्याकडे मान वर करून पाहावे असा एक बेहडा सापडणार नाही.

याबद्दल ठेकेदाराला दुष्ट ठरविणे सोपे आहे. मला ते पटत नाही. रान तोडीला देणारा माणूस बहुधा मुलीच्या लग्नासाठी, घराच्या छपरासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी देतो. त्याला एकरकमी पैसा हवा असतो आणि तो देणारा ठेकेदाराशिवाय दुसरा कोणी गावात येत नाही. फळ विकत घेणाराही येत नाही, किंवा येतो तो असा भाव सांगतो की दिवसभर फळे वेचणाऱ्या बाईची मजुरीही सुटू नये.

कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, ऐन, किंजळ, जांभूळ इत्यादी वृक्ष आहेत, आणि त्यांच्या तोडीस परवानगी लागते. या यादीत हिरडा आहे. बेहड्याचे नाव मात्र नाही. त्रिफळेतील दोन सख्ख्या भावंडांपैकी एकाला कायद्याने नाव घेऊन संरक्षण दिले आणि दुसऱ्याला वगळले, हे वैद्यसमाजाच्या नजरेतून इतकी वर्षे सुटावे याचे मला नवल वाटते. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. फसवणूक टाळणे हा त्याचा हेतू. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक केला, मालकी कोणाचीही असो. तरीही सह्याद्रीतील तोड थांबली नाही.

केवळ मनाईने काय होते याचे उदाहरण सिंधुदुर्गात आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा राधानगरी आणि गोव्यातील अभयारण्ये जोडणारा वाघाचा व इतर वन्यप्राण्यांचा मार्ग. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीस मनाई केली. त्यानंतरही तोडीच्या तक्रारी होतच राहिल्या आणि प्रकरण पुनःपुन्हा न्यायालयापुढे आले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या पट्ट्यातील २५ गावांविषयी निर्देश दिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्याची प्रारूप अधिसूचना निघाली. अकरा वर्षे गेली. न्यायालयाचा हेतू निःसंशय योग्य होता. परंतु ज्याला झाड तोडू नको असे सांगितले त्याला झाड राखून काय मिळेल हे कोणीच सांगितले नाही, आणि मनाई येणार अशी कुणकुण लागली की दोन वर्षांनी तुटणारे रान आजच तुटते.

ढोलीच्या झाडांची ही हेळसांड आपल्याकडेच झाली असे नाही. वनशास्त्राच्या जुन्या पठडीत म्हातारे, वाकडे, पोकळ झाड काढून टाकणे ही 'सुधारणा' मानली जाई. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात उंच निलगिरी वृक्षांच्या नैसर्गिक अरण्यातून दीर्घकाळ लाकूड काढले गेले. लेडबीटर्स पॉसम नावाचा मूठभर आकाराचा वृक्षवासी प्राणी त्याच झाडांच्या ढोलीत राहतो, आणि तशी ढोली तयार होण्यास शतकाहून अधिक काळ लागतो. कोणती झाडे राखावीत, किती अंतर सोडावे, यावर अनेक वर्षे वाद आणि खटले झाले. अखेर १ जानेवारी २०२४ पासून त्या राज्याने सरकारी नैसर्गिक अरण्यातील व्यापारी तोड बंदच केली. त्यांना ते परवडले, कारण लाकूड लागवडीच्या वनांतून मिळते आणि अरण्य सरकारच्या मालकीचे होते. संगमेश्वरच्या सात-बारावरील वीस मालकांना तो मार्ग लागू पडत नाही.

आपल्याकडचा जुना मार्ग देवराईचा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तो पुण्यातूनच. देवाच्या रानातील लाकूड न्यावयाचे नाही, पण पडलेले फळ आणि औषधापुरता पाला घेण्यास बहुधा आडकाठी नाही, हा तेथील दंडक. म्हणजे लाकूड आणि फळ यांत भेद करण्याचे शहाणपण गावाने फार पूर्वीच दाखविले होते. कोकणात महाधनेशाची घरटी आज ज्या थोरल्या झाडांवर आढळतात त्यांतील कित्येक झाडे देवरायांतील आहेत, हा योगायोग म्हणता येणार नाही.

भीमाशंकरच्या आसपास

पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर भीमाशंकर अभयारण्य आहे. १९८५ मध्ये घोषित झालेले हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे वन पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले असून आपला राज्यप्राणी शेकरू ही त्याची ओळख. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जाते. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच तिचा संसार चालतो. मधली चार झाडे गेली तर तिच्या दृष्टीने नदीला पूर आला.

या परिसरातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आला आहे. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा, आणि पुढे पक्व झालेला चांभारी व सुरवारी. बाळहिरड्याला इतर प्रतींहून कितीतरी अधिक भाव मिळतो, म्हणून सारा भर त्यावर. येथे एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. बाळहिरडा म्हणजे अठळी धरण्यापूर्वीचे फळ. ते सगळेच उतरविले तर झाडाखाली रुजण्याजोगे बीज उरत नाही, आणि घाईत फांद्या छाटल्या गेल्या तर पुढील वर्षाचे फळही जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या तालुक्यांतील हिरड्याची अतोनात हानी झाली. आंबा-काजूप्रमाणे हिरडा हे पीक मानावे की वनोपज, या घोळात भरपाई वर्षानुवर्षे रखडली आणि लोकांना त्यासाठी आंदोलने करावी लागली. ज्या फळाला शास्त्राने मातेची उपमा दिली त्याला सरकारदप्तरी नेमका रकाना नव्हता.

बेहड्याची कथा यापुढची. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था अर्चना गोडबोले, जयंत सरनाईक आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून चालवीत आहेत. उत्तर सह्याद्रीतील खाजगी रानांच्या मालकांशी संवर्धनाचे करार करणे, देवराया राखणे हे त्यांचे कार्य. मोठाले बेहडे कवडीमोलाने लाकडासाठी जात आहेत आणि त्यांच्याबरोबर धनेशाच्या ढोल्याही जात आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तोडबंदीचे फलक लावले नाहीत. फळाला गिऱ्हाईक शोधले. फेअरवाइल्ड हे रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते सांभाळणारे प्रतिष्ठान २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाले. झाडांची मोजणी करावयाची, किती फळ घ्यावयाचे ते ठरवावयाचे, वन्यप्राण्यांचा आणि बीजाचा वाटा झाडाखाली सोडावयाचा, वेचणाऱ्यास योग्य दाम आणि वर गावाच्या निधीत अधिमूल्य द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप. २०१५ च्या सुमारास या मानकानुसार प्रमाणित झालेला बेहडा आणि हिरडा उत्तर सह्याद्रीतून बाहेर पडू लागला.

तो कोणी घेतला? ब्रिटनमधील पुक्का हर्ब्स या वनस्पतिजन्य चहा व चूर्णे विकणाऱ्या कंपनीने.

या उत्तरापाशी थोडे थांबावे असे मी सुचवीन. चरक-सुश्रुतांचा वारसा सांगणारे आपण पुण्यात आहोत. शनिवार-रविवारी आपल्यातील अनेकजण भीमाशंकरच्या दर्शनाला जाऊन येतात. रविवार पेठेत आणि मंडईच्या आसपास काष्ठौषधींची दुकाने आहेत, तेथून आपण पोत्यांनी बेहडा घेतो. आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरातील बेहडा तुटू नये म्हणून अधिक दाम मोजण्याची बुद्धी मात्र प्रथम सातासमुद्रापलीकडील चहावाल्याला झाली. त्याने धर्मादाय केला असेही नाही. आपल्या गिऱ्हाईकाला मालाचा उगम सांगता यावा, हा त्याचा रोकडा व्यवहार. तो आपल्यालाही करता आला असता.

खरेदीच्या वहीत

२०१७ मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत व्यापारात असलेल्या ११७८ वनस्पती जातींची नोंद आहे. त्यांपैकी २४२ जातींची उलाढाल वर्षाला प्रत्येकी १०० टनांहून अधिक. त्रिफळेची तिन्ही द्रव्ये या मोठ्या उलाढालीच्या यादीत आहेत. असे असूनही आपल्या आवक नोंदवहीत बेहड्यापुढे काय लिहिलेले असते? व्यापाऱ्याचे नाव, बिल क्रमांक, वजन. शेड्यूल टी लागू झाल्यापासून आपण ओलावा, राख, अर्क यांचे आकडे लिहू लागलो, ही प्रगतीच झाली. पण कोणत्या तालुक्यातील, कोणत्या महिन्यातील, पाडलेला की पडलेला, हे कोठेच नसते. चरकाने कल्पस्थानाच्या आरंभीच भूमी, काल आणि संग्रहविधी यांवर विस्ताराने लिहिले. फळ ज्या-त्या ऋतूत, त्वचा शरदात, सार हेमंतात. सुश्रुताने तर गुराखी, तपस्वी, व्याध आणि वनचर यांच्याकडून औषधी जाणून घ्याव्यात असे सांगितले. आज आपण त्या वनचराऐवजी फक्त दलालाला ओळखतो.

एक प्रामाणिक शंका येथे उपस्थित होईल. फळाचा भाव कितीही वाढविला तरी तो एकरकमी लाकडाच्या सौद्याला पुरा पडेल काय? अख्ख्या उताराच्या सौद्याला पुरा पडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. आणि तशी आवश्यकताही नाही. त्या उतारावरील आठ-दहा जुने बेहडे व हिरडे सौद्यातून वगळून बाकीचे रान मालकाने पाळीने तोडले, तरी ढोली राहते, बीज राहते आणि त्याला दरवर्षीचे फळ राहते. बेहड्याचे लाकूड मुळातच स्वस्त असल्याने ती आठ-दहा झाडे वगळल्याने सौद्याची रक्कम फारशी घटत नाही. सागाच्या किंवा शिसवाच्या बाबतीत हा युक्तिवाद चालला नसता. बेहड्याच्या बाबतीत चालतो, हेच त्याच्या हलक्या लाकडाचे भाग्य.

गुणवत्तेचाही प्रश्न यात आहे. झाडाखाली ओलसर पाचोळ्यात आठवडाभर पडून राहिलेल्या बेहड्यावर बुरशी धरते, आणि अफ्लाटॉक्सिनच्या चाचणीत असा माल नापास होतो. रोज वेचलेले, चटईवर सावकाश सुकविलेले, अठळी वेळेवर काढलेले फळ हवे असेल तर वेचणाऱ्या माणसाला ते कष्ट परवडले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी व संकलनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांचाही रोख हाच आहे. एका खरेदीत स्वस्त म्हणून घेतलेल्या बेहड्याची पाच पोती आमच्या छोट्या निर्मितीशाळेत निवडून घेतली तेव्हा तिसरा हिस्सा टाकावा लागला. मजुरी धरता तो स्वस्त माल सर्वांत महाग पडला होता.

आतापर्यंत फळाविषयी लिहिले. परंतु आपणही लाकूड वापरतो हे विसरता कामा नये. खदिरारिष्टाच्या एका बाटलीत दोन वृक्षांचे काष्ठ आहे: कोकणातील खैर आणि हिमालयातील देवदार. चिपळूण-सावर्डे भागातील काताचा व्यवसाय खैराच्या गाभ्यावरच उभा आहे. सारकाष्ठ झाड तोडल्याशिवाय मिळत नाही, येथे फळाचा मार्ग बंद आहे. खैर बुंध्यापासून पुन्हा फुटतो आणि मालकी जमिनीत त्याची लागवड होते, म्हणून योग्य परवानगीने तोडलेला खैर घेण्यास माझी हरकत नाही. वाहतूक परवान्याची प्रत मागून घ्यावी, नसेल तर माल परत करावा. बीजकाच्या लाकडाचे पेले मधुमेहासाठी म्हणून हल्ली सर्रास विकले जातात, त्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. बिजा अनुसूचित वृक्ष आहे, वाढ मंद आहे, आणि एका पेल्यासाठी जेवढा गाभा कोरून फेकला जातो तेवढ्यात कित्येक रुग्णांच्या क्वाथाची सोय होईल. वनखात्याच्या डेपोतून लिलावात सुटलेल्या बिजाचे तुकडे व कीस मिळू शकतो. क्वाथाला तेवढे पुरते.

बृहत् पंचमुळांचा विषय याहून अवघड आहे. बेल, शिवण, टेंटू, पाडळ, अग्निमंथ यांचे मूळ घेणे म्हणजे वृक्षच उपटणे. मुळाऐवजी लहान फांद्या वापरता येतील काय यावर संशोधन झाले आहे आणि मतभेदही आहेत. त्यासाठी स्वतंत्र लेखच हवा.

कायद्याच्या बाजूने औषधनिर्मात्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये लाभांश वाटपाची जबाबदारी भारतीय कंपन्यांवरही आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सक, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या वनस्पती यांना सवलती दिल्या. अनेकांना त्यामुळे हायसे वाटले. मला या सवलतीचा आनंद अर्धाच वाटतो, कारण गावाला द्यावयाचा वाटा कायद्याने माफ झाला तरी गावाचे झाड त्यामुळे उभे राहत नाही.

छोट्या फार्मसीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा खर्च झेपणार नाही, हे मी जाणतो. त्याची गरजही नाही. पुणे शहरातील आठ-दहा निर्मात्यांनी एकत्र येऊन वर्षाची बेहड्याची गरज एकदा लिहून काढली, तर ती एखाद्या गावाच्या वनहक्क समितीशी किंवा महिला बचत गटाशी थेट बोलण्याइतकी भरेल. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजाची मालकी व विल्हेवाट यांचा अधिकार अशा गावांना दिलेलाच आहे. बोलणे करताना तीन अटी घालाव्यात: कोणती झाडे फळासाठी राखली ती मोजून त्यांवर खूण करावी, पडलेल्या फळांपैकी काही भाग झाडाखालीच सोडावा, आणि राखलेले झाड तुटले तर कळवावे. त्याबदली आपण बाजारभावाहून किती जास्त देणार ते आधी ठरवून लेखी द्यावे. माल आल्यावर भावात घासाघीस करू नये. गाव एकदा फसले की पुन्हा दारात उभे करीत नाही.

बेहड्याचे फळ मार्गशीर्षाच्या सुमारास पिकू लागते आणि माघापर्यंत झाडाखाली पडत राहते. डोंगरातील माणूस दिवाळीच्या खरेदीसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतो, आणि एकदा उचल घेतली की त्या वर्षीचे फळ त्याच व्यापाऱ्याचे. तेव्हा मागणी दसऱ्यापूर्वी नोंदवावी, आणि निदान चौथा हिस्सा रक्कम त्याच वेळी गावात पोहोचती करावी.